प्रत कशाला म्हणावे?

१

पाठचिकित्सा शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर एक प्रश्न लिहिण्याची माझी जुनी सवय आहे : प्रत कशाला म्हणावे? विद्यार्थी बहुधा एकच उत्तर देतात. मुळाबरहुकूम केलेली दुसरी वस्तू म्हणजे प्रत. वर्षानुवर्षे हे उत्तर मान्य करून मी पुढच्या मुद्द्याकडे, म्हणजे पाठभेद, लेखनप्रमाद, आदर्श प्रत यांकडे वळत असे. हे उत्तर अपुरे आहे, ही गोष्ट मला कोणा पाठचिकित्सकाने शिकवली नाही. ती शिकवली आमच्या विभागातल्या एका बाह्य यूएसबी डिस्कने.

आमच्या मराठी विभागात पुस्तकांच्या कपाटाला लागून एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स चालते आणि तोच आमचा सर्व्हर. विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या, वृद्धांच्या मुलाखती, प्रबंधांचे खर्डे आणि काही दुर्मीळ नियतकालिकांची छायाचित्रे, असा सुमारे २०० जीबींचा ऐवज त्यावर साठला होता. यांतल्या काही ओव्या गाणाऱ्या बायका आता हयात नाहीत. या ऐवजाचा रोज रात्री बॅकअप घ्यावा म्हणून आम्ही एक बाह्य डिस्क घेतली, ती यूएसबीने सर्व्हरला जोडली आणि निश्चिंत झालो. त्या निश्चिंतीचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच. तत्पूर्वी या हातभर केबलच्या टोकाला असलेल्या पेटीचा इतिहास थोडा पाहू. संगणकाच्या क्षेत्रात तो तांत्रिक इतिहास मानला जातो. मला मात्र तो ग्रंथरक्षणाच्या इतिहासाचाच एक अध्याय वाटतो.

२

विद्युत-संगणकाच्या आरंभीच्या काळापासून माहिती साठवण्याचे मुख्य साधन होते चुंबकीय फीत. १९५१ च्या युनिव्हॅक या व्यापारी संगणकाबरोबर धातूची फीत आली; पुढच्याच वर्षी आयबीएमने प्लॅस्टिकची फीत आणली. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली व्यापारी हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे! आज एका छायाचित्राला याहून अधिक जागा लागते. डिस्क महाग आणि फीत स्वस्त, म्हणून कामकाज डिस्कवर आणि त्याची प्रत फितीवर, अशी विभागणी रूढ झाली. फीत गुंडाळून डब्यात घालता येई, डबा दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवता येई. हे दुसऱ्या इमारतीत नेणे त्या काळी इतके स्वाभाविक होते की त्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज कुणाला वाटली नाही. पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ मला इथेच दिसते.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'टार' नावाची आज्ञा आली. हे नाव म्हणजे 'टेप आर्काइव्ह' या दोन शब्दांचा संक्षेप, अर्थात फितीवरचे दप्तर. फिती नजरेआड झाल्या तरी ही आज्ञा आजही रोज वापरली जाते. शब्द वस्तूपेक्षा दीर्घायुषी असतो याचे याहून चांगले उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गात देता येणार नाही. असाच दुसरा शब्द 'माउंट'. फितीचे रीळ किंवा तबकड्यांचा संच उचलून यंत्रावर चढवणारा माणूस असे; त्याच्या या कृतीचे हे नाव. यंत्रावर रीळ चढलेले आहे की नाही हे त्या माणसाला डोळ्यांनी दिसत असे. आज चढवणारा माणूस राहिला नाही, पाहणाराही राहिला नाही. शब्द तेवढा उरला.

३

हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या छंदातल्या कार्यप्रणालीची वार्ता जगाला दिली. युनिक्सच्या धाटणीची, पण कोणालाही फुकट घेता येईल, उघडून पाहता येईल आणि बदलता येईल अशी ही प्रणाली म्हणजे लिनक्स. साध्या घरगुती संगणकाचा सर्व्हर करण्याची सोय तिच्यामुळे झाली. आमच्यासारख्या निधीच्या नावाने ठणठणाट असलेल्या विभागांना ती परवडली, याचे कारण हेच.

आमच्या विषयाला कारण झालेल्या दोन गोष्टी १९९६ या एकाच वर्षात घडल्या. जानेवारीत यूएसबीचे पहिले अधिकृत मानक प्रसिद्ध झाले. संगणकाला जोडायच्या प्रत्येक उपकरणाची खाच तोवर निराळी असे. सात कंपन्यांनी मिळून सर्वांसाठी एकच खाच ठरवली. इंटेल कंपनीत या कामाच्या अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. पहिल्या मानकाचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबिट होता. त्या वेगाने आमचा २०० जीबींचा ऐवज उतरवायला दीड दिवसाहून अधिक वेळ लागला असता. एप्रिल २००० मध्ये आलेल्या दुसऱ्या मानकाने हा वेग चाळीसपट म्हणजे ४८० मेगाबिट केला आणि तेच काम दोनेक तासांच्या टप्प्यात आणले. बाह्य डिस्क बॅकअपचे साधन झाली ती या क्षणी. २००८ च्या तिसऱ्या मानकाने वेग ५ गिगाबिटांवर नेला; त्याला आधार देणारी पहिली कार्यप्रणाली लिनक्सच होती (२००९).

त्याच १९९६ सालच्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' हा प्रोग्रॅम जाहीर केला. त्यामागची कल्पना आपल्या क्षेत्रातल्या कोणालाही ओळखीची वाटेल. दोन ठिकाणच्या दोन प्रती ताडून पाहायच्या आणि त्यांत जेथे भेद असेल तेवढाच मजकूर धाडायचा. संपूर्ण पोथी पुन्हा उतरवायची नाही, फक्त पाठभेद कळवायचे! एकाच यंत्राला जोडलेल्या डिस्कवर उतरवताना आरसिंक थोडे वेगळे वागतो. फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहून तो न बदललेल्या फाइली वगळतो आणि बदललेल्या सबंध उतरवतो.

येथे लेखनिकाचा जुना दोष नव्या रूपात भेटतो. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक हमी देत असे की समोर जसे दिसले तसे लिहिले, दोष मला देऊ नये. आरसिंक हा असाच प्रामाणिक लेखनिक आहे. मुळातली फाइल चुकून पुसली गेली आणि प्रत तंतोतंत मुळासारखी ठेवण्याची आज्ञा त्याला दिलेली असेल, तर तो प्रतीतूनही ती पुसतो. मूळ बिघडले तर बिघाडाचीही इमानाने प्रत करतो. म्हणून एकच ताजी प्रत पुरत नाही, पिढ्यानपिढ्यांच्या प्रती हव्यात. २००३ मध्ये आरसिंकमध्ये आलेल्या एका सोयीने हे स्वस्तात साधले. रोजचा फोल्डर स्वतंत्र आणि संपूर्ण दिसतो, पण न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते. बाकीचे फोल्डर तिच्याकडे नुसते बोट दाखवतात. अशा रीतीने सोमवारची संहिता आणि मंगळवारची संहिता शेजारीशेजारी राहू शकतात.

४

आता आम्ही काय केले ते सांगतो. डिस्क जोडल्यावर प्रथम 'एलएसबीएलके' या आज्ञेने यंत्राला दिसणाऱ्या सर्व डिस्कांची यादी पाहिली आणि आकारावरून नवी डिस्क ओळखली. ही पायरी घाईची नव्हे. येथे नाव चुकले तर पुढच्या आज्ञेने भलतीच डिस्क कोरी होते. दुकानातून येणाऱ्या डिस्कवर बहुधा विंडोजच्या सोयीची मांडणी असते. त्यांतली एक्सफॅटसारखी मांडणी फाइलचा मालक कोण आणि ती वाचण्याचा अधिकार कोणाला, हे लिनक्सच्या पद्धतीने टिपून ठेवत नाही. एकाच फाइलकडे अनेक बोटे दाखवण्याची सोयही तिच्यात नाही. म्हणून ती पुसून आम्ही 'ईएक्सटी-४' ही लिनक्सची मांडणी केली.

पुढचा प्रश्न नामकरणाचा. लिनक्स डिस्कांना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे देते, पण ती सापडण्याच्या क्रमाने. आजची 'एसडीबी' उद्या मध्येच पेनड्राइव्ह लावला तर 'एसडीसी' होऊ शकते. म्हणून मांडणी करताना तिच्यावर कोरली जाणारी ३६ चिन्हांची ओळख, म्हणजे 'यूयूआयडी', हेच तिचे खरे नाव. ते आम्ही 'एफएसटॅब' या नोंदवहीत लिहिले. शेजारी 'नोफेल' हा शब्द घातला. त्याचा अर्थ, ही डिस्क सापडली नाही तरी खोळंबू नकोस, सर्व्हर सुरू कर. तो नसता तर डिस्क नसताना सर्व्हर अर्धवट उठून बसला असता. शेवटी रात्री दोन वाजता आरसिंक चालावा अशी 'क्रॉन'मध्ये व्यवस्था केली. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले हे नाव आम्हा साहित्यवाल्यांना विशेष आवडले.

सगळे यथासांग झाले. लिनक्समध्ये डिस्कला स्वतंत्र घर नसते. ती एका रिकाम्या फोल्डरवर चढवली जाते आणि त्या फोल्डरमधून तिच्यात शिरता येते. डिस्क चढलेली नसेल तर तो फोल्डर नाहीसा होत नाही. तो सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरचा साधा रिकामा फोल्डर म्हणून तसाच राहतो, आणि त्याच्यात बिनदिक्कत लिहिता येते. ही गोष्ट आम्हाला पुस्तकातून ठाऊक होती. तिचा अर्थ कळला नव्हता.

जूनच्या पहिल्या पावसात वीज गेली. ती परत आली तेव्हा आमच्यापैकीच कोणीतरी बाह्य डिस्कची पिन काढून त्या जागी चहाची किटली लावली होती. डिस्क चढली नाही. 'नोफेल'च्या आज्ञेनुसार सर्व्हर तक्रार न करता सुरू झाला. रात्री दोन वाजता आरसिंक उठला, त्याने ठरलेल्या फोल्डरमध्ये संपूर्ण प्रत उतरवली आणि काम यशस्वी झाल्याची नोंद केली. पुढे नऊ महिने तो रोज असेच करीत राहिला. मार्चमध्ये सर्व्हरची डिस्क निकामी झाली.

आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी तेव्हा मला दिलासा दिला होता. "सर, काळजी करू नका. बॅकअप रोज झालेला आहे. लॉगमध्ये एकही चूक नाही." ते खोटे बोलत नव्हते, लॉगही खोटे बोलत नव्हता. नऊ महिन्यांची प्रत खरोखरच रोज झाली होती. ती मुळाच्याच डिस्कवर होती, एवढेच. मूळ गेले तेव्हा तीही गेली. किटलीशेजारच्या बाह्य डिस्कवर जूनपर्यंतचा ऐवज सुखरूप होता. त्यानंतरचे काहीही नव्हते.

५

अशी वेळ आमच्यावरच आली असे नाही. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २'चे काम चालू असताना कोणीतरी दिलेल्या एका पुसण्याच्या आज्ञेने चित्रपटाचा बराचसा भाग नाहीसा झाला. बॅकअप होता, पण तो बरेच दिवस नीट होत नव्हता आणि हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करीत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर काही आठवड्यांपूर्वीची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, मोटारीतून जपून संस्थेत आणला गेला. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. योजलेल्या पाच उपायांपैकी एकही भरवशाने चालत नसल्याचे तेव्हा उघडकीस आले. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. त्या संस्थेने हे सारे जाहीरपणे लिहून ठेवले, ही तिची थोरवी.

दोन्ही ठिकाणी योजलेली प्रत निकामी ठरली आणि योगायोगाची प्रत कामी आली. असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर सोपे आहे. योगायोगाची प्रत कोणीतरी प्रत्यक्ष वापरत होते, आणि ती मुळापासून दूर होती.

मराठी वाचकाला हे वाचताना लीळाचरित्राची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी, ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून लीळा मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली असे पंथाची परंपरा सांगते. ग्रंथ वाचला तो ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्यामुळे. हिराइसेचे नाव त्यांत आदराने घेतले जाते. स्मरणातून पुन्हा लिहिला गेल्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ झाले. पाठभेदांनी संशोधकाची डोकेदुखी वाढते खरी, पण ते भेद म्हणजे ग्रंथ अनेक ठिकाणी, अनेक मुखांत जिवंत असल्याचा पुरावाही असतो. हिराइसेची प्रत वापरातली होती. ती रोज म्हटली जात होती, म्हणून चूक झाली तर अडखळून तेथल्या तेथे कळत होती.

याच पंथाचा दुसरा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत सुरक्षित ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्या पोथ्या असून नसल्यासारख्या होत्या. आज लिनक्सवर 'लक्स' नावाच्या योजनेने सबंध बाह्य डिस्क कुलूपबंद करता येते. डिस्क चोरीला गेली तर हे कुलूप मोलाचे. पण परवलीचा शब्द एकाच प्राध्यापकाच्या डोक्यात असेल आणि ते सेवानिवृत्त झाले असतील, तर पुढच्या पिढीला राजवाडेही वाचवू शकणार नाहीत. तो शब्द कागदावर लिहून, पाकिटात घालून, डिस्कपासून दूर ठेवावा.

६

दुर्घटनेनंतर आम्ही व्यवस्था नव्याने लावली. डिस्क ज्या रिकाम्या फोल्डरवर चढते त्याला डिस्क उतरलेली असताना 'चॅटर' या आज्ञेने असे बांधून टाकले की कोणालाही, अगदी सर्वाधिकारी 'रूट'लाही, त्यात अक्षर लिहिता येऊ नये. आता डिस्क नसेल तर आरसिंक अडखळतो आणि ओरडतो. शिवाय त्याला उठवण्याआधी डिस्क खरोखर चढली आहे का, हे तपासणारी एक ओळ घातली. जुन्या काळच्या रीळ चढवणाऱ्या माणसाचे डोळे आम्ही त्या एका ओळीत परत आणले. विभागाच्या सूचीचा डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली तशाच उतरवल्या तर प्रत अर्ध्या वाक्यावर तुटते. म्हणून आधी त्याचा संपूर्ण उतारा काढून मग त्या उताऱ्याची प्रत करतो.

डिस्का आता दोन आहेत. एक जोडलेली असते, दुसरी माझ्या घरी. शनिवारी त्यांची अदलाबदल होते. सतत जोडलेली डिस्क वीज, वाळवी, चोर आणि खंडणीखोर प्रोग्रॅम यांच्या तावडीत मुळाबरोबरच सापडते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक अन्यत्र, हे पीटर क्रोग या छायाचित्रकाराने २००५ च्या सुमारास रूढ केलेले सूत्र आता सर्वमान्य झाले आहे. जुन्या पोथ्यांत पोथीच वाचकाला विनवीत असे की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचव. सैल बांधणी म्हणजे काय हे आमच्या निघालेल्या पिनेने आम्हाला शिकवले.

आणखी एक प्रथा पाडली आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक विद्यार्थी बाह्य डिस्कवरून कोणतीही एक ओवी उतरवून घेतो आणि वर्गात ती लावतो. सर्वांनी ऐकायची. तांत्रिक भाषेत ही 'रिस्टोअर'ची चाचणी. आमच्यासाठी ते पारायण आहे.

हरवलेल्या नऊ महिन्यांचे काय झाले? मी वर्गात सगळे खरे सांगितले. दोन दिवसांनी एक मुलगी आली. म्हणाली, "सर, आजीच्या ओव्या मी विभागात दिल्या होत्या ना, त्या माझ्या जुन्या फोनमध्ये आहेत. मी कधीकधी ऐकते." मग आणखी काही जण आले. कोणाच्या रेकॉर्डरच्या कार्डावर, कोणाच्या भावाच्या लॅपटॉपवर काही ना काही निघाले. निम्म्याहून अधिक ऐवज परत मिळाला. उरलेला मिळाला नाही. त्यांतल्या दोन बायका पुन्हा गाऊ शकणार नाहीत.

या वर्षीही पहिल्या तासाला मी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला. मुलांनी नेहमीचे उत्तर दिले. त्याखाली मी दोन अटी वाढवल्या : ती मुळापासून दूर असली पाहिजे, आणि कोणीतरी ती वाचत असले पाहिजे.